दोरीच्या अलीकडून

पक्ष्यांवर प्रेम करणाऱ्यांचेही दोन पक्ष असतात. एक पक्ष म्हणतो, बाबांनो, त्यांच्या वाटेला जाऊ नका, लांबूनच हात जोडा. दुसरा म्हणतो, बघितल्याशिवाय माया कशी बसेल? आणि माया नसेल तर राखणार कोण? दोन्ही पक्षांत माझ्या ओळखीची, मनापासून बोलणारी माणसं आहेत. माझं मत या दोघांच्या मधलं आहे. मधलं म्हणजे गुळमुळीत नव्हे हं! माझं म्हणणं असं, की माणसांनी जावं, पण दोरीच्या अलीकडे थांबावं. आणि ती दोरी कुठे बांधायची हे जाणाऱ्यानं नव्हे, तिथल्या जाणकारानं ठरवावं. आता हे मी कशावरून म्हणते ते सांगते. जरा लांबण लागेल, पण शाळेत पस्तीस वर्षं काढलेल्या बाईकडून थोडक्यात ऐकण्याची अपेक्षा तुम्हीही करत नसाल.

२०१९ च्या जूनमध्ये आम्ही दोघं लेकीकडे न्यूकॅसलला होतो. तिथून तास-दीड तासावर सीहाउसेस नावाचं छोटं बंदर आहे. त्या बंदरातून होड्या फार्न बेटांकडे जातात. ही बेटं इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यालगत, नॉर्थंबरलँड परगण्यात आहेत. भरतीच्या वेळी पंधरा-वीस दिसतात आणि ओहोटी लागली की अठ्ठावीसपर्यंत मोजता येतात. १९२५ पासून ती नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहेत. वीसहून अधिक जातींचे समुद्रपक्षी उन्हाळ्यात तिथे घरटी करतात. होडी कड्याजवळ गेली की आधी वास येतो (मच्छीबाजार आणि कोंबड्यांचं खुराडं एकत्र करा, म्हणजे झालं), मग कलकलाट, आणि मग कुठे पक्षी दिसतात. गिलेमॉट पक्षी कड्याच्या अरुंद कंगोऱ्यांवर इतके खेटून उभे असतात, की सकाळच्या विरार लोकलची आठवण यावी. घरटं नावाला नाही. उघड्या दगडावर एकच अंडं, तेही एका टोकाला निमुळतं.

होडीवाला वाटेत माहिती सांगत होता, पण खरी शिस्त सुरू झाली ती इनर फार्न बेटावर उतरल्यावर. धक्क्यावरच तिथल्या राखणदार मुलीनं, तिकडे रेंजर म्हणतात, आम्हाला थांबवलं. टोप्या घाला. फळ्यांच्या वाटेवरूनच चाला. पक्षी डोक्यावर आला तर हात झाडू नका, चालत राहा. कारण वाटेच्या कडेला, कधी कधी वाटेवरच, आर्क्टिक टर्न पक्ष्यांची अंडी असतात. आपल्याकडे नदीवर सुरय दिसतो ना, त्याचाच हा भाऊबंद. वजन जेमतेम शंभर ग्रॅम, पण अंगात रग म्हणजे काय! आमच्या ह्यांच्या टोपीवर त्यानं चोच मारली ती टकटक मला ऐकू आली. शेजारी एक इंग्रज आजोबा होते, त्यांच्या पांढऱ्या टोपीवर तर नक्षीच उमटली. कोणी रागावलं नाही. आपण पाहुणे आहोत आणि घरमालक जागा आहे, एवढं सगळ्यांना कळलं होतं.

या शंभर ग्रॅमच्या जिवाचा प्रवास ऐकाल तर थक्क व्हाल. १९८२ च्या उन्हाळ्यात फार्नवरच्या एका पिलाच्या पायात कडी घातली होती. ते पिलू त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला सापडलं. पंख फुटून तीनेक महिनेच झालेले आणि बावीस हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापलेलं! पुढे न्यूकॅसल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी फार्नच्या काही पक्ष्यांच्या पायाला नोंदयंत्रं बांधली. त्यांतल्या एका पक्ष्याचा २०१५-१६ चा वर्षभराचा प्रवास सुमारे ९६ हजार किलोमीटरचा भरला. म्हणजे पृथ्वीभोवती दोन फेऱ्या घालून वर आणखी बरंच काही. इतक्या लांबून येऊन तो जी दोन वीत जागा मागतो, ती आपण फोटोसाठी तुडवायची का?

पफिनची गोष्ट वेगळी. हे रंगीत चोचीचं साहेब दिसतं विदूषकासारखं, पण राहतं उंदरासारखं, जमिनीत बीळ करून. वर्षाला अंडं एकच. बेटावरची माती इतकी भुसभुशीत असते, की फळ्यांची वाट सोडून कोणी चार पावलं आत टाकली तर खालचं बीळ ढासळतं, आणि आत कोण होतं हे टाकणाऱ्याला कधी कळतही नाही. रेंजरनं हे कारण सांगितलं आणि आमच्या घोळक्यातली दोन खट्याळ मुलं आपोआप आईला चिकटून चालू लागली. मला ते फार आवडलं. सहलीला साठ-साठ मुलं नेलेल्या बाईला माहीत असतं, की ‘जाऊ नका’ एवढंच म्हटलं तर मुलं हमखास जातात. ‘का’ सांगितलं तर निम्मी तरी थांबतात. आपल्याकडच्या पाट्यांवर दंडाची रक्कम असते, कारण नसतं.

त्या बेटावर राखण करायची रीत जुनी आहे. सातव्या शतकात कथबर्ट नावाचे संत तिथे एकांतात राहत, ६८७ साली तिथेच वारले. तिथल्या आयडर बदकांना कोणी मारू नये असा नियम त्यांनी घातला होता असं सांगतात. म्हणून त्या भागात त्या बदकाला अजूनही ‘कडी डक’, म्हणजे कथबर्टबाबांचं बदक, म्हणतात. आपल्याकडे देवराई राखतात किंवा देवाच्या डोहातले मासे धरत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. श्रद्धेनं जे काम केलं ते आज पगारी रेंजर करतो. दोघांनाही दोरी बांधावीच लागली.

आता पहिल्या पक्षाची मंडळी विचारतील, मग बेट बंदच का ठेवू नये? पक्षी सुखी होतील.

तर ऐका. बेट बंद झालंसुद्धा. २०२० मध्ये कोरोनामुळे, आणि २०२२ मध्ये बर्ड फ्लूमुळे. त्या वर्षी फार्नवर हजारो पक्षी मेले. पांढरे संरक्षक पोशाख घालून रेंजर मेलेले पक्षी गोळा करताहेत, अशी छायाचित्रं लेकीनं पाठवली होती. मी ती दुसऱ्यांदा पाहिली नाहीत. लोकांना बेटावर उतरायची बंदी झाली. इनर फार्नवर पुन्हा पावलं पडली ती २०२४ मध्ये. ती बंदी योग्यच होती. रोगराईत घराचं दार लावून घ्यायचं असतं, हे आपण सगळेच शिकलो आहोत.

पण दार लावल्यानं सगळंच सुधारतं असं नाही. स्वीडनजवळ बाल्टिक समुद्रात स्तूरा कार्ल्सो नावाचं बेट आहे. तिथेही गिलेमॉटांची मोठी वसाहत आणि पर्यटकांची रीघ. २०२० मध्ये कोरोनामुळे पर्यटक जवळजवळ नाहीसे झाले. झालं काय, तर माणसांना बिचकून लांब राहणारे पांढऱ्या शेपटीचे समुद्रगरुड बिनधास्त कड्यांजवळ येऊ लागले. गरुड आला की गिलेमॉट घाबरून उडायचे, अंडी खाली पडायची, उरलेली कुरव आणि कावळे पळवायचे. त्या वर्षी पिलांचं प्रमाण नेहमीपेक्षा सुमारे २६ टक्क्यांनी घटलं. म्हणजे तिथे वाटेवरून शहाण्यासारखी चालणारी माणसं नकळत राखणदारी करत होती! गरुडालाही पोट आहे, त्याला मी दोष देत नाही. पण ‘माणूस नको’ हे उत्तर दिसतं तितकं सोपं नाही, एवढं तरी यातून पटावं.

आणखी एक. बर्ड फ्लूचा हा विषाणू आला कुठून? त्याचा मूळ धागा १९९६ साली चीनमधल्या पाळीव हंसांत सापडलेल्या विषाणूपर्यंत जातो. पफिनची पिलं ज्या सँड ईल नावाच्या करंगळीएवढ्या माशांवर वाढतात, ते मासे मोठ्या बोटी टनांनी ओढून नेत. त्यांचं पीठ आणि तेल करायचं, आणि ते माशांना-जनावरांना खायला घालायचं. इंग्लंडच्या उत्तर समुद्रातल्या हद्दीत आणि स्कॉटलंडच्या पाण्यात ही मासेमारी २०२४ मध्ये बंद झाली. फार्नवर २००३ साली पफिनच्या ५५ हजारांहून अधिक जोड्या होत्या, २००८ मध्ये त्या सुमारे ३६ हजारांवर आल्या आणि नंतर हळूहळू पुन्हा वाढल्या. या चढउतारामागे बेटावर फिरायला जाणारे आजी-आजोबा नव्हते. ज्यांनी बेट कधी पाहिलंही नाही, त्यांच्या ताटाचा आणि बाजाराचा हात तिथपर्यंत पोचतो. ज्यांनी पाहिलं, त्यांनीच तर त्या मासेमारीविरुद्ध आवाज उठवला. म्हणून मी दुसऱ्या पक्षाचंही थोडं ऐकते.

हे सगळं आज लिहायचं कारण घरातलंच आहे. वेंगुर्ल्याचा आमचा भाचा पर्यटकांसाठी होडी घ्यायच्या विचारात आहे. वेंगुर्ल्यासमोर आत समुद्रात खडकांची बेटं आहेत, त्यांवर दीपगृह आहे. तिथे सुरय जातीचे समुद्रपक्षी अंडी घालतात. तिथल्या गुहेत पाकोळ्या आपल्या लाळेनं घरटी बांधतात. ती घरटी खाण्यासाठी परदेशात विकली जातात, म्हणून चोरीला जात होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं ही चोरी उजेडात आणून राखणीचं काम केलं. भाच्याला मी कुरकुर केली तर तो म्हणाला, “मावशी, गावातली पोरां मुंबैक जातत, तेंका हयच काम नको?” त्याचं चुकलेलं नाही. नातेवाईकांत यावरून दोन तट पडले आहेत, आणि दोन्हीकडून मला फोन येतात. तर माझं उत्तर सगळ्यांना एकदमच.

होडी घे. पण खडकावर माणूस उतरवू नकोस. फार्नवर उतरता येतं, कारण तिथे फळ्यांची वाट आहे आणि महिनोन् महिने बेटावरच्या जुन्या बुरुजात राहणारे रेंजर आहेत. आपल्याकडे यातलं काहीच नाही. तेव्हा आपली दोरी पाण्यातच बांधायची. होडी लांब उभी करायची, इंजिन मंद ठेवायचं, गाणी नाहीत, भोंगा नाही, ड्रोन तर नाहीच. गुहेकडे फिरकायचं नाही. अंड्यांचे महिने कोणते आणि अंतर किती, हे वनखात्याला आणि अभ्यासकांना विचारून आधी ठरवायचं, गिऱ्हाईक आल्यावर नव्हे. “आणखी थोडं पुढे घ्या, दोनशे जास्त देतो” असं म्हणणारा कोणीतरी भेटणारच. त्याला नाही म्हणता आलं तर धंदा कर. नाही म्हणता येणार नसेल तर होडीचे पैसे बँकेत ठेव.

हे जमतं का? रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला २००६ पासून कासव महोत्सव भरतो. जिथे पूर्वी कासवांची अंडी खाण्यासाठी उकरून नेत, तिथले गावकरीच ती राखू लागले. लोक गावातल्या घरी राहतात, घावन-उसळ खातात, आणि दोरीमागे उभं राहून पिलं समुद्राकडे जाताना बघतात. गर्दी वाढली की तिथेही दोरीवरून वाद होत असणार. पण राखणीतून गावाला चार पैसे मिळू शकतात, हे वेळासनं दाखवून दिलं. आणि रोज समुद्रावर जाणारा होडीवाला गुहेकडे वळलेली परकी होडी ओळखतो. लांबच्या कचेरीतला साहेब ती ओळखू शकत नाही.

एक आक्षेप मला माहीत आहे. ‘लांबूनच बघायचं तर टीव्हीवर काय वाईट?’ टीव्हीवर जवळून दिसतं हे खरं. पण तिथे पक्षी आपल्याला बघत नाही. टोपीवर चोच बसली की आपण त्याच्या दारात आलो आहोत हे कळतं. वर्गातही पुस्तकातलं फुलपाखरू आणि खिडकीतून आत आलेलं फुलपाखरू यांत हाच फरक असे. दुसरं आलं की माझा धडा बंद पडायचा, आणि मुलांच्या लक्षात राहायचा तो दिवस.

तेव्हा जरूर जा. लेकीसुनांकडे परदेशी गेलात तर तिथल्या बेटांवर जा, कोकणात आलात तर आपल्या किनाऱ्यावर जा. फक्त ‘अगदी जवळ नेतो’ अशी जाहिरात करणाऱ्याच्या होडीत बसू नका. ‘इथेच थांबायचं’ असं खणखणीत सांगणाऱ्याच्या होडीत बसा, आणि त्याला दोन पैसे जास्त द्या. तुमचं काय मत आहे, ते जरूर लिहा. भाचाही वाचतो आहे.