उसाला ठिबक, लेकराला पाटपाणी

शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला वाफसा समजावून सांगावा लागत नाही. मुळाशी ओल हवी आणि हवाही हवी. पाणी साचलं तर मुळी गुदमरते, तुटलं तर पीक माना टाकतं. चासकमानचं किंवा नव्या मुठा उजव्या कालव्याचं आवर्तन आलं की सऱ्या तुडुंब भरायच्या आणि पुढच्या आवर्तनाची वाट पाहायची, या रीतीत वाफसा मधल्या थोड्याच दिवसांपुरता मिळायचा. ठिबकने तो रोजचा केला. औषधाचंही असंच आहे. रक्तातलं त्याचं प्रमाण एका पट्ट्यात राहिलं तर गुण येतो, वर गेलं तर अपाय होतो, खाली उतरलं तर घेतलं न घेतलं सारखंच. ठरावीक वेळी टोचलेलं इंजेक्शन म्हणजे पाटाचं पाणी. अंगावर बाळगायचा, संथ धार सोडणारा पंप म्हणजे ठिबक. शेतातल्या ठिबकसाठी केंद्र आणि राज्य मिळून अल्पभूधारकाला ८० टक्के, इतरांना ७५ टक्के अनुदान देतात, आणि ते योग्यच आहे. अंगावरच्या ठिबकचा विषय निघाला की मात्र ती श्रीमंतांची चैन ठरते. हा भेद कशाच्या आधारावर?

ज्यांना या पंपाची गरज सगळ्यात जास्त आहे ती टाइप १ मधुमेहाची मुलं. त्यांचं स्वादुपिंड इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. गोड खाण्याशी किंवा आईबापांच्या चुकीशी याचा काही संबंध नाही, हे गावोगाव अजून सांगावं लागतं. निरोगी स्वादुपिंड चोवीस तास थोडं थोडं इन्सुलिन सोडत असतं आणि जेवणाच्या वेळी धार वाढवतं. सुईने याची नक्कल करायची तर रोज चारेक वेळा टोचावं लागतं, तरी ती नक्कल ओबडधोबडच राहते. पहाटे शरीरातली काही संप्रेरकं साखर वर ढकलतात. रात्री टोचलेल्या इन्सुलिनला घड्याळ कळत नाही. त्याचा डोस वाढवावा तर मध्यरात्री साखर घसरायची भीती. पंपाला मात्र पहाटे तीनपासून धार वाढवायला सांगता येतं. हातात मावेल एवढी ती डबी. तिच्यातून निघालेली बारीक नळी पोटाच्या कातडीखालच्या मऊ कॅन्युलात जाते. धार तासाला अर्धा युनिट असेल तर ती एका मिलिलिटरचा दोनशेवा भाग भरते. ड्रिपर तासाला दोन-चार लिटर देतो, त्यापुढे हे प्रमाण नजरेतही भरणार नाही; पण हिशेबाची रीत तीच.

याने फरक पडतो का? १९९३ साली अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. पंपाने किंवा दिवसाला तीन-चार इंजेक्शनांनी साखर काटेकोर आवाक्यात ठेवलेल्या गटात डोळ्याच्या पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. त्याच गटात साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग मात्र सुमारे तिप्पट झाले. दोन्ही आकडे एका दमात सांगायला हवेत, कारण पंपाची खरी गरज दुसऱ्या आकड्यात आहे. साखर खाली ठेवायची आणि फार खालीही जाऊ द्यायची नाही, ही कसरत हाताने करणं कठीण आहे. आताचे पंप कातडीतल्या सेन्सरकडून साखरेचा अंदाज घेऊन धार आपोआप कमी-जास्त करतात किंवा थांबवतात. धार आपोआप कमी-जास्त करणारा पहिला पंप अमेरिकेत २०१६ मध्ये मान्य झाला.

यावरचा वजनदार आक्षेप पैशाचा. चांगला पंप काही लाखांना पडतो, शिवाय दर दोन-तीन दिवसांनी बदलायच्या नळ्यांचा आणि सेन्सरचा खर्च दर महिन्याला. जिथे साखर तपासायच्या पट्ट्याही पुरत नाहीत तिथे पंपाची भाषा कशाला, असं कुणी म्हटलं तर त्याचं अर्धं म्हणणं मान्य करायला हवं. आधी प्रत्येक मुलाला इन्सुलिन, ते टोचायचं पेन आणि पट्ट्या मोफत आणि न चुकता मिळाव्यात. हे न करता पंप वाटणं म्हणजे विहिरीला पाणी नसताना ठिबकच्या लॅटरल नळ्या अंथरणं. पण ठिबकही एकेकाळी महागच होतं. अनुदान आलं, मागणी वाढली, तालुक्याच्या गावी डीलर आणि सुटे भाग आले. शिवाय टाइप १ ची मुलं मूठभर आहेत, मधुमेहाच्या एकूण रुग्णांचा अगदी लहान हिस्सा. केरळ सरकारची या मुलांसाठीची योजना पेन-पट्ट्यांपासून पंपापर्यंत जाते. तिचं नाव ‘मिठायी’ आहे, हा विनोद केरळच करू जाणे. आपली महात्मा फुले जन आरोग्य योजना मुळात रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी रचली आहे. आयुष्यभर घरी चालणारा उपचार त्या चौकटीत बसत नाही, आणि अडचण पैशाइतकीच या चौकटीची आहे.

दुसरी शंका गावाची: मे महिन्याचं ऊन, गेलेली लाइट, दूरचा दवाखाना. हिला हसून उडवता येणार नाही. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं, अंगात साठा राहत नाही. ड्रिपरसारखीच कॅन्युलाही चोक होते, आणि धार तुटली की काही तासांत रक्तात आम्ल वाढून जीव धोक्यात येतो. म्हणूनच घरात सिरिंज आणि इन्सुलिन कायम तयार हवं, आणि आईला ते देता यायला हवं. पण फर्टिगेशनचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या घराला हे जमणार नाही, असं शहरात बसून ठरवू नये. शिवाय प्रत्येक पंपाला वीज लागते असंही नाही. आतड्याच्या कर्करोगात एक औषध ४६ तास सलग द्यावं लागतं. त्यासाठी फुगलेल्या रबरी फुग्याच्या दाबावर चालणारी साधी बाटली मिळते. ना बॅटरी, ना बटण. ती कमरेला लावून दौंडचा रुग्ण रेल्वेने घरी जाऊ शकतो आणि पुण्यातली खाट दोन दिवस मोकळी राहते. सुरुवात या बाटलीपासून करायला काय हरकत आहे?

उद्या गोळी निघाली तर पंप अडगळीत जातील, हेही खरं. थॅलेसेमियाच्या मुलांना अंगातलं जादा लोह काढण्यासाठी रात्री आठ-दहा तास पोटाला पंप लावून झोपावं लागे. नव्वदीच्या दशकात सिप्लाने त्यावर गोळी आणली आणि अनेकांची ती सुई सुटली. पण गोळी येईपर्यंत जी मुलं जगली ती त्या पंपावर जगली. सिप्लाचाच कारखाना आज दौंड तालुक्यात कुरकुंभला आहे, आणि शिरूरच्या रांजणगावला इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन क्लस्टर २०२२ मध्ये मंजूर झालं. औषध इथे बनतं, इलेक्ट्रॉनिक्स इथे यायचंय. आता दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात नळ्यांचा तीन महिन्यांचा साठा, एक प्रशिक्षित परिचारिका आणि रात्री दोन वाजता उचलला जाणारा फोन, एवढं पंपखरेदीच्या निविदेत किमतीच्या आधी लिहिलेलं असायला हवं.