मेंदूतली क्षारांची दारे

मेंदू म्हटले की मज्जापेशींचे नाव निघते. पण त्यांच्या जोडीला दुसऱ्याही पेशी राबत असतात, त्यांना ग्लिया म्हणतात. एकोणिसाव्या शतकात जर्मनीचे डॉक्टर रुडॉल्फ विरशॉ यांनी हे नाव रूढ केले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ डिंक! मेंदू चिकटवून ठेवणारा मसाला, एवढीच त्यांची किंमत पुष्कळ वर्षे केली गेली. आता मोजणी झाली आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी, आणि इतर पेशीही जवळजवळ तितक्याच. त्यांत ग्लियांचा भरणा मोठा.

पेशीच्या आवरणात अतिसूक्ष्म दारे असतात. त्यांतून सोडियम, पोटॅशियम अशा क्षारांचे वीजभारित कण, म्हणजे आयन, ये-जा करतात. एकेका दारातून जाणारा प्रवाह मोजण्याची युक्ती अर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ साली दाखवली. त्यांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या युक्तीने पाहिले तर ग्लियांनाही तऱ्हेतऱ्हेची दारे!

शिवाय वाढत्या वयात ही दारे बदलतात. मज्जातंतूंवर, वायरीवर रबर असावे तसे, चरबीचे वेष्टण चढवणाऱ्या ग्लिया कोवळ्या असतात तेव्हा त्यांना सोडियमची दारे असतात. पेशी पक्व झाली की ती कमी होतात आणि पोटॅशियमच्या एका खास दाराचा जोर वाढतो. त्याचे नाव केआयआर ४.१.

ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ग्लियांतही हे दार असते. मज्जापेशी काम करते तेव्हा पोटॅशियम बाहेर पडते. ते या ग्लिया उचलून नेतात. नाला तुंबला की पाणी घरात शिरते, तसे पोटॅशियम साचले की शेजारच्या मज्जापेशी भडकतात. २००९ साली संशोधकांनी दाखवले, की या दाराच्या जनुकात जन्मतः बिघाड असलेल्या मुलांना लहानपणीच आकडी येते, तोल जातो, ऐकू कमी येते, मूत्रपिंडातून क्षार वाहून जातात.

हा आजार फार विरळा. आकडीची इतर कारणे पुष्कळ आहेत. पण एवढे तरी नक्की समजावे, की आकडी म्हणजे मेंदूतल्या विजेचा गोंधळ. बाहेरची बाधा नव्हे. म्हणून माता-भगिनींना आमची कळकळीची विनंती आहे. लेकराला आकडी आली तर चप्पल, कांदा हुंगवू नका. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक दवाखाना गाठा. लवकर थांबली तरी डॉक्टरांना दाखवाच, आणि सुरू केलेले औषध त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. भगताला द्यायचे पैसे औषधाला लावा.