विवाहाच्या नोटिशीतील तीस दिवस

विवाहसंस्था मोडकळीस आली आहे, अशी हाकाटी अलीकडे वारंवार ऐकू येते. महानगरांतील सहजीवन, वाढते घटस्फोट आणि लांबणीवर पडणारी लग्ने यांचे दाखले त्यासाठी दिले जातात. देशाचे एकूण चित्र पाहता ही भीती अनाठायी वाटते. भारतात विवाह आजही जवळजवळ सार्वत्रिक आहे. बदल दिसतो तो प्रामुख्याने वयात. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयोगटातील सुमारे ४७ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले होते. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांवर आले.

निवडीच्या बाबतीत मात्र असा बदल आढळत नाही. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणानुसार आंतरजातीय विवाहांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होते. पतीची निवड सर्वस्वी आपणच केली, असे सांगणाऱ्या स्त्रियाही जवळपास तितक्याच होत्या. तेव्हा विवाह टिकेल की नाही, यापेक्षा त्याचा निर्णय कोणाचा, हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. या प्रश्नावर शासन कोणत्या बाजूला उभे आहे, हे पाहायचे असेल तर विशेष विवाह कायद्याकडे वळावे लागते.

या कायद्याचा पूर्वज १८७२ चा. केशवचंद्र सेन आणि ब्राह्मो समाजाच्या आग्रहातून तो जन्मला. पण त्याखाली विवाह करणाऱ्यांना आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती वगैरे कोणत्याही धर्माचे अनुयायी नाही, असे लिहून द्यावे लागे. वय २१ च्या आत असल्यास पालकांची संमती बंधनकारक होती. नोटीस मात्र चौदा दिवसांची होती. स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये नवा कायदा केला, तेव्हा धर्मत्यागाची अट गेली आणि पालकांच्या संमतीचीही गरज उरली नाही. नोटिशीची मुदत मात्र चौदावरून तीस दिवसांवर गेली.

या एका तरतुदीने बरेच काही हिरावून घेतले. वधूवरांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य हवे. त्यांची नावे व पत्ते असलेली नोटीस कार्यालयात ठळक जागी लावली जाते आणि तीस दिवसांच्या आत कोणीही हरकत घेऊ शकतो. हरकत टिकणार नाही, हे हरकतदारालाही ठाऊक असते. त्याला हवी असते ती माहिती आणि उसंत. तेवढ्या अवधीत मुलीला घरात कोंडता येते, दूरच्या नातेवाइकांकडे धाडता येते, प्रसंगी जिवावरही उठता येते. अप्रामाणिक हरकतीसाठी कायद्याने ठेवलेली भरपाई जास्तीत जास्त एक हजार रुपये आहे. कायद्याने पुढच्या दाराने घालवलेली पालकांची संमती नोटीस फलकावरून घरात परतली, ती अशी.

प्रशासनात जाहीर नोटिशीला एक निश्चित अर्थ असतो. जमिनीच्या नोंदीत फेरफार करायचा तर नोटीस काढतात, कारण त्या जमिनीवर अन्य कोणाचा हक्क असू शकतो. दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहात असा हक्क कोणाचा? आधीच्या पतीचा किंवा पत्नीचा, एवढाच. फसवणूक टळावी म्हणून नोटीस हवी, हा युक्तिवाद याच मुद्द्यावर उभा आहे आणि तो क्षुल्लक नाही. परंतु त्याचे उत्तर याच कायद्यात आहे: खोटे प्रतिज्ञापन शिक्षापात्र आहे आणि पहिला विवाह अस्तित्वात असताना केलेला दुसरा विवाह रद्दबातल ठरतो. शिवाय १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांना अशी पूर्वसूचना द्यावी लागत नाही. फसवणुकीचा संशय केवळ जात वा धर्म ओलांडणाऱ्यांवरच का घ्यावा?

हे सारे नवे नाही. विवाहस्वातंत्र्यातील हस्तक्षेपाविषयीच्या २०१२ च्या अहवालात विधी आयोगाने नोटीस आणि नोंदणी यांमधील कालावधी काढून टाकण्याची सूचना केली होती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाप पंचायतींचा हस्तक्षेप बेकायदा ठरवून जोडप्यांसाठी सुरक्षित निवाऱ्यांची व्यवस्था करण्यास सांगितले. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोटीस प्रसिद्ध करणे जोडप्याच्या इच्छेवर सोडले. संसदेच्या कायद्याचे शब्द मात्र तेच राहिले.

दरम्यान राज्यांची पावले उलट दिशेने पडत आहेत. उत्तर प्रदेशात धर्मांतरासाठी साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. उत्तराखंडमध्ये सहजीवनाची नोंदणी सक्तीची झाली असून जोडप्यातील कोणी २१ वर्षांखालील असल्यास पालकांना कळवले जाते. धर्मांतर करून लग्नाची वाट अरुंद होत असताना, धर्म न बदलता लग्न करण्याची वाट तरी निर्वेध हवी.

संसदेने नोटिशीची प्रसिद्धी आणि तीस दिवसांची प्रतीक्षा वगळावी. वय, वास्तव्य आणि वैवाहिक स्थिती यांची खातरजमा अधिकाऱ्याने कागदपत्रे व प्रतिज्ञापत्रांवरून करावी; खोटेपणा आढळल्यास शिक्षा कठोर असावी. अठराव्या वर्षी देशाचे सरकार निवडण्याची पात्रता आपण नागरिकाला देतो. सज्ञान वधूवरांना जोडीदार निवडताना गावाची परवानगी घ्यावी लागू नये, एवढी काळजी त्याच देशाच्या कायद्याने घ्यायला हवी.