माळ्यावरची पेटी आणि जामनगरला उतरलेलं डाकोटा



दिवाळी जवळ आली, म्हणजे घरोघरी माळे उपसायला सुरुवात झाली असेल. पस्तीवाल्याला हाक मारण्याआधी माझी एक चूक ऐकून घ्या.

आमचे अण्णा हवाई दलात इंजिन फिटर होते. उमेदीची सगळी वर्षं डाकोटा विमानांवर गेली. निवृत्त होऊन बडोद्यात, कारेलीबागेत स्थायिक झाले तेव्हा सोबत एक लोखंडी पेटी आणली. तिच्यात त्यांनी स्वतःच्या पैशांनी जमवलेले पाने होते, तेही इंचांच्या मापाचे, कारण डाकोटा अमेरिकन. आपल्या स्कूटरचे नट मिलिमीटरचे. म्हणजे घरात त्या पेटीचा उपयोग शून्य! २०११ साली घराला रंग द्यायला काढला, तेव्हा मी ती किलोच्या भावाने देऊन टाकली. अण्णा काही बोलले नाहीत. मला वाटलं, विसरले.

त्याच वर्षी खासदार राजीव चंद्रशेखर यांनी आयर्लंडमध्ये भंगारात निघालेलं एक डाकोटा विकत घेतलं. त्यांचे वडील, एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर, हवाई दलात डाकोटाचे वैमानिक होते. इंग्लंडमध्ये विमान दुरुस्त करून हवाई दलाला भेट द्यायचं त्यांनी ठरवलं. सरकारकडून आधी नकार आला. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना होकार मिळाला.

आता १९४४ सालचं विमान इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीहून घरी आणायचं कसं? ठरलं ते असं, की उडवतच आणायचं. डाकोटाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास. केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नाही, त्यामुळे आजच्या विमानांसारखं खूप उंच जाऊन खराब हवामान चुकवता येत नाही. शिवाय याला लागतं पेट्रोल. हल्लीची मोठी विमानं रॉकेलच्या जातीच्या इंधनावर चालतात, त्यामुळे मोठ्या विमानतळावरही विमानाचं पेट्रोल मिळेलच असं नाही. मग मुक्काम करत करत यायचं: फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहारीन, ओमान. एप्रिल २०१८ च्या शेवटी हे विमान समुद्र ओलांडून भारतात पहिल्यांदा टेकलं ते आपल्या गुजरातेत, जामनगरला. तिथून दिल्लीजवळच्या हिंडन तळावर. ४ मे रोजी ते रीतसर हवाई दलात दाखल झालं. नाव ठेवलं ‘परशुराम’.

टीव्हीवर बातमी लागली तेव्हा अण्णा ऐंशीचे होते. विमानावर क्रमांक दिसला, व्हीपी ९०५. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला जे पहिलं डाकोटा उतरलं, त्याचा हा क्रमांक. माझे डोळे भरून आले.

“नंबर काय, रंगवता येतो,” अण्णा म्हणाले. “तू इंजिनं बघ.”

मग ते तासभर बोलत होते. (जेवण गार झालं, आईने दोनदा हाक मारली.) एकेका इंजिनाला चौदा सिलिंडर, गोलाकार दोन रांगांत. विमान उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साठतं. म्हणून सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवून बघायचा. घाई केली तर आतला दांडा वाकलाच म्हणून समजा. आणि तेल गळतंय म्हणून घाबरायचं नाही. गळायचं थांबलं तर घाबरायचं, कारण टाकीतलं संपलेलं असतं!

“एवढ्या मुक्कामांवर रोज सकाळी कुणीतरी खाली उभं राहून हे केलं असेल,” ते म्हणाले. “टीव्हीवर त्याचं नाव येणार नाही.” थोडं थांबून पुढे, “त्याच्याकडे इंची पाने असतील.”

सात वर्षं ते काहीच विसरले नव्हते.

पुढच्याच आठवड्यात मी जुन्या बाजारात हिंडले. तीन इंची पाने मिळाले. अण्णांनी ते उलटेसुलटे करून पाहिले, “हलके आहेत,” म्हणाले आणि चष्म्याच्या खणात ठेवून दिले. माफी मागायचं मनात होतं, ते राहिलंच.

२० सप्टेंबर २०२३ ला आपल्या बडोद्याच्या तळावर पहिलं सी-२९५ उतरलं. स्पेनमध्ये आपले तेव्हाचे हवाई दल प्रमुख, नांदेड जिल्ह्यातले एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी, यांनी ते ताब्यात घेतलं होतं. तेही मुक्काम करत, बहारीनवरूनच आलं. त्या दिवशी अण्णांनी गच्चीवर खुर्ची टाकायला लावली होती. वय पंच्याऐंशी, पण जिना चढले.

“इंजिन कुणाचं गं?”

मी मोबाईलवर शोधून सांगितलं, “प्रॅट अँड व्हिटनी, कॅनडा.” डाकोटाचं इंजिनही प्रॅट अँड व्हिटनीचंच.

“मग इंचीच पाने लागत असतील,” अण्णा म्हणाले आणि चहा मागितला.