जुना रंग उतरल्यावर दिसणारे चाक

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर नांदगाव पेठ लागते. एके काळी राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणून परिचित असलेला हा रस्ता आता ५३ क्रमांकाने ओळखला जातो. गावालगत औद्योगिक वसाहत, वस्त्रोद्योगाचे कारखाने आणि औष्णिक वीज केंद्र असल्यामुळे येथे वाहनांची वर्दळ अखंड असते. सरकी, कापड, किराणा, लोखंडी सामान वा धान्य यांचा व्यापार करणाऱ्या कुटुंबांच्या दारात एखादी मोटार आणि मालवाहू टेम्पो असतोच. पावसाळा ओसरला आणि दसरा दृष्टिपथात आला, की ही वाहने धुवून, पुसून, रंगवून घेण्याची लगबग सुरू होते. त्यात चाकांच्या रिमांना नवा रंग देण्याचे काम हमखास असते. वऱ्हाडची काळी माती पावसाळाभर रिमच्या आतल्या बाजूस चिकटून ओल धरून ठेवते, रंगाला पोपडे येतात, कडांना गंज दिसू लागतो. दोन दिवसांत चारही रिम चांदीसारखे चकाकू लागले, की मालक समाधानाने पैसे मोजतो. त्या चकाकीखाली काय राहिले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

सहकारी सोसायट्यांच्या व्यवहारात ‘नवे-जुने’ हा शब्द सर्वपरिचित आहे. जुने कर्ज प्रत्यक्षात वसूल झालेले नसते. नव्या कर्जाने ते कागदोपत्री फिटते आणि थकबाकी पुढच्या वर्षाच्या पोटात दडते. जुना रंग न उतरवता त्यावर नवा रंग मारणे हे चाकाचे ‘नवे-जुने’च होय. रंग ज्या थरावर बसतो, त्या थराची पकड जितकी, तितकीच नव्या रंगाचीही पकड असते. खालचा थर सुटलेला असेल, तर वरचा थर कितीही महागाचा असो, तो त्याच्यासोबतच सुटतो. गंजाचे तर आणखी निराळे आहे. लोखंडापेक्षा त्याचा गंज अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो आतून रंगाला उचलून धरतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, म्हणजे ‘अलॉय’चे चाक असले, तर पारदर्शक लाखेखाली बारीक सुतासारख्या पांढुरक्या रेषा सरकत जातात.

हा केवळ शोभेचा प्रश्न असता, तर त्यावर एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. ट्यूबलेस टायर रिमच्या ज्या कडेवर बसतो, तेथे गंज वा रंगाचे पोपडे असतील तर हवा हळूहळू निसटते आणि कमी हवेचा टायर वेगात तापतो. रिमचा जो भाग हबला टेकतो, तेथे आणि नटांच्या बैठकीवर रंगाचे थरावर थर साचले, तर घट्ट आवळलेले नटही काही अंतरानंतर सैल पडू शकतात, कारण दाबाखाली रंग चेपला जातो. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे तडा. लोखंडी रिमला तो बोल्टच्या भोकांजवळ वा हवेच्या झरोक्यांजवळ पडतो, तर अलॉयला खड्ड्याच्या आघाताने बहुधा आतल्या कडेवर. जाड रंग हा तडा झाकून टाकतो. जून २०२२ मध्ये याच महामार्गाच्या अमरावती–अकोला टप्प्यात ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग पूर्ण झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ते सुधारले तसा वेगही वाढला, आणि वाढत्या वेगात चाकातील लहानसा दोषही लहान राहत नाही.

म्हणूनच जुना रंग पूर्ण उतरला आहे आणि नवा अद्याप चढलेला नाही, हा मधला टप्पा सर्वांत मोलाचा ठरतो. चाकाची खरी स्थिती केवळ तेव्हाच डोळ्यांना दिसते. लाल रंगद्रव्य फवारून, पुसून, त्यावर पांढरी भुकटी मारली, की केसासारखा तडाही लाल रेषेच्या रूपाने उमटतो. हे साहित्य डब्यांत मिळते आणि परीक्षेस फार वेळ लागत नाही. तडा गेलेले चाक रंगवायचे नसते, ते बदलायचे असते.

रंग उतरवण्याच्या रीती मुख्यतः चार. पहिली हाताने खरवडण्याची: तारेचा ब्रश, पत्री आणि पॉलिश पेपर. लोखंडी रिमसाठी ही रीत पुरेशी आहे, मात्र जुन्या रंगात शिसे असू शकते. पूर्वी लोखंडावर अस्तर म्हणून शेंदरी रंग देत, तो शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइडच होय. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम भारतात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. परंतु यंत्रे व वाहने यांचे औद्योगिक रंग त्याच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून कोरडे घासण्याऐवजी पाणी लावून वॉटर पेपरने घासणे केव्हाही श्रेयस्कर.

दुसरी रीत रसायनाची. लोखंडावर कॉस्टिक सोडा चालतो. अलॉयवर तो कदापि चालत नाही, कारण तो ॲल्युमिनियमलाच खाऊ लागतो आणि त्या क्रियेतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो. तयार ‘पेंट रिमूव्हर’ काही मिनिटांत रंग फुगवून सोडवतात, पण त्यांपैकी अनेकांत मिथिलिन क्लोराइड असते. बाजारात त्यालाच एमडीसी म्हणतात. हे द्रव्य सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळते. वैशाखात अमरावती-अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडमधील उघड्या डब्यातून त्याचे बाष्प किती वेगाने पसरत असेल, याची कल्पना करावी. ते हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत व खड्ड्यांत साठते, श्वासावाटे शरीरात जाते आणि तेथे त्याचे कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते. बंद खोलीत या कामाने माणसे दगावली आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या अशा रिमूव्हरवर बंदी आणली आणि २०२४ मध्ये बहुतेक औद्योगिक व व्यापारी वापरांवरही निर्बंध घातले. तोंडाला बांधलेला रुमाल हे बाष्प अडवत नाही. डब्यावरचे घटक वाचून हे द्रव्य नसलेला रिमूव्हर निवडणे हाच सरळ मार्ग आहे, मग त्याला चार तास अधिक लागले तरी बेहत्तर.

तिसरी रीत ब्लास्टिंगची, म्हणजे दाबाच्या हवेने कण मारून रंग उडवण्याची. काम झटपट आणि स्वच्छ होते, परंतु त्यासाठी नदीची वाळू वापरली, तर तिच्यातील सिलिकाची सूक्ष्म धूळ फुप्फुसांत कायमची जाऊन बसते. सिलिकोसिस हा तिच्यापासून होणारा आजार बरा होत नाही. ब्रिटनने १९४९ च्या नियमांद्वारे अशा कामात वाळू वापरण्यास मनाई केली. आपल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमातही या आजाराची गणना कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत झाली. वाळूऐवजी गार्नेट, काचेचे मणी किंवा प्लॅस्टिकचे कण वापरता येतात. अलॉयवर पोलादी कण मारू नयेत, कारण त्यांचे तुकडे मऊ धातूत रुतून पुढे गंजाचे बीज ठरतात.

चौथी रीत जाळण्याची. ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक. अलॉयचे चाक ओतल्यावर त्याला बळ येण्यासाठी ते कारखान्यात १५० ते १७० अंशांच्या आसपास काही तास मुरवलेले असते. गॅसच्या उघड्या ज्योतीखाली ते बळ नाहीसे होते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. लोखंडी रिम टायरसह तापवणे वा त्यावर वेल्डिंग करणे तर साक्षात मृत्यूला निमंत्रण आहे. हवा काढलेली असली तरी आतल्या रबराच्या वाफा पेट घेऊन टायर फुटू शकतो. टायर उतरवल्यावाचून रिमला आच लावू द्यायची नाही, हा नियम प्रत्येक मालकाने आपल्या चालकाला बजावून ठेवावा.

यातील बहुतेक धोका गाडीच्या मालकाला नसून शेडमध्ये उकिडवे बसून रंग खरवडणाऱ्या पोराला असतो. घासाघीस करून मालक जे शे-दोनशे रुपये वाचवतो, ते बहुधा याच टप्प्यातून वजा होतात, कारण रंगाचा डबा कमी किमतीत मिळत नाही, पण रंग उतरवण्याचे श्रम कमी करता येतात. उरलेला गाळ नालीत ओतला, तर तो शेवटी कुणाच्या तरी विहिरीकडे जातो. रंगांच्या औद्योगिक वापरातून निघणारा असा गाळ २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतो आणि त्यावर प्रक्रिया करणारे केंद्र विदर्भातच, बुटीबोरीला आहे.

व्यापारी घराण्यांना यावर उपाय शिकवण्याची गरज नाही. हिशेबाच्या ज्या सवयीने पेढी चालते, तीच येथे लावावी. ‘चार रिम रंगवणे’ अशी एका ओळीची पावती स्वीकारू नये. रंग उतरवणे, उघड्या धातूची तपासणी, अस्तर आणि रंग अशा चार ओळी मागाव्यात व प्रत्येकीचा दर वेगळा ठरवावा. कोणत्या रीतीने व कोणत्या द्रव्याने रंग उतरवणार, हे आधी विचारावे. ज्या कारागिराकडे योग्य साधने आहेत, त्याला त्याचा दर द्यावा. तपासणीच्या वेळी घरातील जबाबदार व्यक्तीने स्वतः हजर राहावे, निदान छायाचित्र मागवावे. लोखंड उघडे पडल्यावर दमट हवेत काही तासांतच त्यावर गंजाची झाक येते, म्हणून त्याच दिवशी अस्तर चढले पाहिजे. हबला टेकणारा भाग आणि नटांची बैठक जाड रंगापासून मोकळी ठेवावी. चाके बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यावेत.

दसऱ्याला झेंडूची माळ चढते ती गाडीच्या पुढल्या भागावर. पण भार वाहतात ती चाके, आणि त्या गाडीतून रोज दुकानाला जाणारी, मुलांना शाळेत सोडणारी माणसे आपलीच असतात. चाकाला नवा रंग लागण्यापूर्वी एकदा त्याचे उघडे रूप पाहण्यास लागणारा अर्धा तास त्यांच्यासाठी काढणे कठीण नाही.