कॅमेरा बकवास नाही, आपण टाकतो ते सेल बकवास आहेत



वावरात कॅमेरा लावलेला कोणी भेटला की ठरलेलं वाक्य ऐकू येते, "काही कामाचा नाही भाऊ, रात्रीचं काहीच दिसत नाही." मागच्या वर्षी मीही हेच म्हणत होतो.

पारशिवनीकडे आमचं वावर. डिसेंबरात तूर शेंगेवर असताना रोही येऊन ओरबाडून गेले. पंचनाम्याला माणसं आली अन् पहिलाच प्रश्न, "गावची मोकाट गुरं तर नव्हती?" प्रश्न चुकीचा नव्हता. वन खात्याची भरपाई वन्यप्राण्याच्या नुकसानीची असते, गुरांच्या नाही. मी ऐटीत कॅमेऱ्याचं कार्ड काढलं. त्यात काय, तर दिवसा शेळ्या, आमचा कुत्रा अन् मी स्वतः. रात्रीचे फोटो काळेकुट्ट, पहाटेचे तर नाहीतच. धुऱ्यावर खुरांचे ठसे अन् लेंड्या होत्या म्हणून निभावलं.

कॅमेऱ्याला शिव्या दिल्या. मग झाकण उघडलं. आत किराणा दुकानातले घड्याळाचे पेन्सिल सेल, आठ.

आता समजून घ्या. दिवसा फोटो काढायला कॅमेऱ्याला थोडीच वीज लागते. रात्री मात्र तो न दिसणारा इन्फ्रारेड लाईट पेटवतो आणि एका झटक्यात भरपूर करंट ओढतो. घड्याळाचा साधा सेल थेंब-थेंब देण्यासाठी असतो. एकदम ओढलं की त्याचा व्होल्टेज कोसळतो, लाईट मंद होतो नाही तर कॅमेराच बंद पडतो. सकाळी सेल थोडा सावरतो, निशाणी पुन्हा ठीक दिसते, अन् आपण म्हणतो मशीन खराब. दिवसाचे फोटो चांगले आणि रात्रीचे गायब, म्हणजे आधी सेलवर संशय घ्या.

"मग अल्कलाइन टाका," दुकानदार सांगते. साध्या सेलपेक्षा नक्कीच बरे. पण वापरले तसा त्यांचाही व्होल्टेज उतरत जातो आणि थंडीत ताकद कमी होते. आपल्याकडे पारा १० अंशाखाली जातो तो नेमका डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे तूर, हरभरा, गहू उभा असताना. शिवाय एकदा संपले की फेकायचे. याला स्वस्त काहून म्हणायचं बाप्पा?

माझं म्हणणं सरळ आहे. एनआयएमएच रिचार्जेबल सेल घ्या, ठेवून दिले तरी चार्ज टिकणारे, आणि दोन संच घ्या. एक कॅमेऱ्यात, एक चार्जरवर. अंगावर १.२ व्होल्ट लिहिलेलं पाहून घाबरू नका. हा सेल शेवटपर्यंत जवळपास तेवढाच व्होल्टेज धरून ठेवतो. मेनूमध्ये सेलचा प्रकार निवडायची सोय असेल तर बदला, नाहीतर भरलेला सेलही अर्धा दाखवतो. आधी जास्त पैसे जातात हे खरं, पण तो शेकडो वेळा चार्ज होतो. एकच अट, कॅमेरा १.२ व्होल्टच्या सेलवर चालतो का ते पुस्तिकेत पाहा.

जंगलाच्या कडेला, जिथं महिना-महिना जाणं होत नाही, तिथं १.५ व्होल्टचे न चार्ज होणारे लिथियम सेल सगळ्यात भारी. महाग आहेत, पण थंडी-उन्हाला पुरून उरतात. ते चार्जरवर लावू नका.

पेन्सिल सेलसारखाच दिसणारा ३.७ व्होल्टचा टॉर्चचा सेल मिळतो. तो चुकूनही टाकू नका. आठ सेल एकापुढे एक जोडलेले असतील तर १२ च्या जागी जवळपास ३० व्होल्ट. कॅमेरा गेलाच समजा.

फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची बॅटरी घरी पडली असेल तर उत्तम. तिच्यात २००० एमएएचच्या आठ रिचार्जेबल सेलच्या पाचपट वीज मावते. पण कॅमेऱ्याच्या बाहेरच्या पिनेजवळ ६ लिहिलं की १२, अन् प्लस-मायनस कोणतं, ते वाचल्याशिवाय वायर लावू नका.

जुने-नवे सेल मिसळू नका. कॅमेऱ्यासमोरचं हलणारं गवत कापा, नाहीतर वाऱ्याचेच फोटो काढून सेल संपतील. व्हिडिओ बंद, फोटोच ठेवा. हंगाम संपला की सेल बाहेर काढा, मे महिन्याच्या उन्हात ते आत पाझरतात.

कृषी खात्यातल्या आणि प्रात्यक्षिकं घेणाऱ्या मित्रांनाही विनंती. कॅमेरा दाखवता तसे सेल पण दाखवा. शेतकऱ्याच्या हाती नुसता डबा देऊन "तंत्रज्ञान पोहोचलं" असं लिहू नका.

रोही बहुतेक रात्रीच येते. रात्री चालत नाही तो कॅमेरा म्हणजे झाडाला टांगलेला डबा.