विश्लेषण : पृथ्वी तापतेय ती निसर्गचक्रामुळे की माणसामुळे?

एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की व्हॉट्सअॅपवर एक संदेश हमखास फिरू लागतो. पृथ्वीचे हवामान कायमच बदलत आले आहे, हिमयुगे आली आणि गेली, तेव्हा कुठे मोटारी आणि कारखाने होते, असा त्याचा सूर असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तर अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतच हवामान बदल ही जगाची मोठी फसवणूक असल्याचा दावा केला. दुसरीकडे जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ हे आतापर्यंतचे सर्वाधिक उष्ण वर्ष ठरले. त्या वर्षीचे सरासरी तापमान १८५०-१९०० या काळाच्या तुलनेत सुमारे १.५५ अंश सेल्सिअसने जास्त होते. मग ही वाढ निसर्गाच्या चक्राचा भाग की माणसाची करणी? प्रत्येक आक्षेपामागचे विज्ञान काय सांगते, याविषयी.

निसर्गाने याआधी हवामान बदलले आहे का?

होय, आणि अनेकदा. याबाबत शास्त्रज्ञांमध्ये दुमत नाही. महाराष्ट्राच्या पायाखालचा काळा कातळ हाच त्याचा एक दाखला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये ज्वालामुखीचे प्रचंड उद्रेक झाले. लाव्हारसाचे थरावर थर साचत गेले आणि त्यातूनच आजच्या सह्याद्रीचे कडे घडले. त्या उद्रेकांतून बाहेर पडलेल्या वायूंचा तेव्हाच्या जागतिक हवामानावर परिणाम झाला होता.

हिमयुगांचे कारणही माहीत आहे. सर्बियाचे शास्त्रज्ञ मिलुटिन मिलान्कोविच यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचे गणित मांडले. पृथ्वीच्या कक्षेचा आकार सुमारे एक लाख वर्षांच्या चक्रात बदलतो, अक्षाचा कल सुमारे ४१ हजार वर्षांच्या आणि अक्षाची डुलण्याची दिशा २० हजारांहून अधिक वर्षांच्या चक्रात. त्यामुळे उत्तर गोलार्धातील उन्हाळ्यात पोहोचणारे ऊन कमी-जास्त होते आणि बर्फाचे थर वाढतात किंवा वितळतात. म्हणजेच ‘निसर्गचक्र’ ही गूढ गोष्ट नाही. त्याला कारण असते, वेग असतो आणि ते मोजता येते. त्यामुळेच आताची वाढ त्यात बसते का, हेही तपासता येते.

मग आताची वाढ त्याच चक्रात का बसत नाही?

दोन कारणांनी : वेग आणि दिशा. शेवटचे हिमयुग ऐन भरात होते ते सुमारे २० हजार वर्षांपूर्वी. त्यातून बाहेर पडताना पृथ्वीचे सरासरी तापमान पाच अंश किंवा त्याहून थोडे अधिक वाढले, पण त्याला साधारण १० हजार वर्षे लागली. म्हणजे शतकाला सरासरी ०.०५ अंश. आता दीड शतकात एक अंशाहून अधिक वाढ झाली आहे आणि तीही मुख्यतः गेल्या ५० वर्षांत. या काळात दर दशकाला सुमारे ०.२ अंश या गतीने तापमान वाढत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी हवामान बदल समितीच्या, म्हणजे ‘आयपीसीसी’च्या २०२१ मधील अहवालानुसार, १९७० नंतर तापमान ज्या वेगाने वाढले तसे किमान गेल्या दोन हजार वर्षांतील कोणत्याही ५० वर्षांत वाढले नव्हते.

दिशेचा मुद्दा तर आणखी महत्त्वाचा आहे. कक्षेच्या गणितानुसार गेली काही हजार वर्षे उत्तर गोलार्धातील उन्हाळी ऊन हळूहळू कमी होत आहे. केवळ निसर्गचक्राच्या हाती कारभार असता तर पृथ्वी अतिशय संथपणे थंड होत राहायला हवी होती. प्रत्यक्षात उलटे घडत आहे.

सूर्यच जास्त तापला असेल तर?

ही शंका रास्त आहे, कारण पृथ्वीला मिळणारी जवळपास सारी ऊर्जा सूर्याकडूनच येते. म्हणूनच १९७८ पासून उपग्रहांद्वारे सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेची सलग मोजणी सुरू आहे. सूर्याच्या ११ वर्षांच्या चक्रात ही ऊर्जा जेमतेम ०.१ टक्क्याने कमी-जास्त होते. गेल्या चार दशकांत तिच्यात वाढीचा कल नाही, झालीच असेल तर किंचित घट आहे. तापमान मात्र याच काळात सर्वाधिक वाढले.

दुसरा पुरावा वातावरणाच्या वरच्या थरात सापडतो. सूर्यामुळे उष्णता वाढली असती तर जमिनीलगतचे तपांबर आणि त्यावरचे स्थितांबर, असे दोन्ही थर तापायला हवे होते. हरितगृह वायूंमुळे मात्र खालचा थर तापतो आणि वरचा थंड होतो. जपानमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे यांनी रिचर्ड वेदराल्ड यांच्यासह १९६७ मध्ये संगणकीय प्रारूपाच्या आधारे हे भाकीत केले होते. तेव्हा ते पडताळून पाहण्याइतक्या दीर्घ नोंदी नव्हत्या. पुढे फुगे आणि उपग्रहांच्या नोंदींतून नेमके तेच दिसले : खाली तापमान वाढत आहे आणि स्थितांबर थंड होत आहे. हवामानाच्या प्रारूपांवरील कामासाठी मानाबे यांना २०२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

हवेतला वाढीव कार्बन माणसाचाच, हे कशावरून?

हवाई बेटांवरील मौना लोआ वेधशाळेत चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये कार्बन डायऑक्साइडची नियमित मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता. आता तो ४२० भागांच्या पुढे गेला आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून त्याआधीच्या आठ लाख वर्षांची नोंद मिळते. त्या संपूर्ण काळात हे प्रमाण साधारण १८० ते ३०० भागांच्या दरम्यान राहिले. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते सुमारे २८० होते.

‘निसर्गातून माणसापेक्षा कितीतरी जास्त कार्बन बाहेर पडतो,’ असा युक्तिवाद केला जातो. आकडा म्हणून ते खरे आहे, पण ती खातेवहीची एकच बाजू झाली. झाडे, माती आणि समुद्र जितका कार्बन सोडतात, त्याहून जास्त परत शोषून घेतात. कोळसा, तेल, वायू जाळून आणि जंगले तोडून माणूस दरवर्षी सुमारे ४० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. हवेतील वार्षिक वाढ मात्र त्याच्या निम्म्याच्या आसपास असते. उरलेला भाग जमीन आणि समुद्र मुरवून घेतात. निसर्ग हाच वाढीचा स्रोत असता तर हवेतील वाढ माणसाच्या उत्सर्जनापेक्षा जास्त दिसायला हवी होती.

शिवाय या कार्बनवर त्याच्या उगमाचा शिक्का असतो. कार्बन-१४ हे किरणोत्सारी समस्थानिक काही हजार वर्षांत घटत जाते. कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिलेल्या कोळशात आणि तेलात ते उरलेलेच नसते. हवेतील कार्बनमध्ये कार्बन-१४ चे प्रमाण अशा जुन्या कार्बनमुळे कमी होत असल्याचे हान्स स्यूस यांनी १९५० च्या दशकातच दाखवले. कार्बन-१३ चे प्रमाणही घटत आहे, जे वनस्पतिजन्य इंधन जळण्याचे लक्षण आहे. ज्वालामुखींचा वाटा? तो माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे.

‘आधी तापमान वाढते, मग कार्बन’, हे खरे का?

बर्फाच्या नोंदींत काही ठिकाणी तापमान आधी आणि कार्बन डायऑक्साइड नंतर वाढल्याचे दिसते. संशय घेणाऱ्यांचा हा आवडता मुद्दा. त्याचे स्पष्टीकरण असे : हिमयुग संपताना पहिला धक्का कक्षेतील बदलाने दिला. समुद्र तापू लागले. तापलेल्या पाण्यात वायू कमी विरघळतो, त्यामुळे समुद्रातून कार्बन डायऑक्साइड बाहेर आला आणि त्याने तापमानवाढ आणखी पुढे नेली. कक्षेतील बदल एकटा इतकी मोठी वाढ घडवू शकत नाही. त्यामुळे ही नोंद कार्बनला निर्दोष ठरवत नाही, उलट त्याची ताकद दाखवते.

आज मात्र क्रम वेगळा आहे. आता समुद्र कार्बन सोडत नसून शोषत आहेत. त्यामुळे त्यांचे पाणी अधिक आम्लधर्मी होत चालले आहे. म्हणजे या वेळी वाढीव कार्बन समुद्रातून आलेला नाही.

एल निनो आणि ज्वालामुखींचे काय?

या दोन्हींचा परिणाम होतो, पण तो तात्पुरता. एल निनोच्या काळात प्रशांत महासागरातील उष्णता वातावरणात येते आणि ते वर्ष अधिक उष्ण ठरते. २०२३ आणि २०२४ च्या विक्रमी तापमानात त्याचा हातभार होता. पण एल निनो उष्णता इकडून तिकडे नेतो, नवी निर्माण करत नाही. एल निनोमुळेच तापमान वाढत असते तर समुद्र निवायला हवे होते. प्रत्यक्षात अतिरिक्त उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के समुद्रातच साठत आहे. ज्वालामुखीच्या मोठ्या उद्रेकाने तर काही काळ गारवा येतो. फिलिपिन्समधील पिनाटुबोच्या १९९१ मधील उद्रेकानंतर पृथ्वीचे सरासरी तापमान काही काळ सुमारे अर्ध्या अंशाने उतरले होते.

सगळी बेरीज-वजाबाकी करून आयपीसीसीने मांडलेला हिशेब असा आहे : १८५०-१९०० पासून २०१०-२०१९ पर्यंत माणसामुळे झालेली वाढ सुमारे १.०७ अंश. सूर्य आणि ज्वालामुखींचा वाटा उणे ०.१ ते अधिक ०.१ अंशाच्या दरम्यान, म्हणजे जवळपास शून्य.

शास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेतच ना?

आहेत, पण ते ‘कोणामुळे’ यावर नसून ‘किती आणि कुठे’ यावर आहेत. हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान किती वाढेल, याचा आयपीसीसीचा अंदाज अडीच ते चार अंश असा रुंद आहे. ढगांचे वर्तन आणि हवेतील सूक्ष्म कणांचा परिणाम ही त्यातील अवघड कोडी आहेत. ही अनिश्चितता लपवण्याचे कारण नाही. मात्र तिचा अर्थ ‘काहीच माहीत नाही’ असाही होत नाही.

संशय घेणे हा विज्ञानाचा धर्मच आहे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना तापमानाच्या जुन्या नोंदींबद्दल शंका होती. त्यांनी ‘बर्कले अर्थ’ प्रकल्प उभारून नोंदी नव्याने तपासल्या. या कामाला कोळसा-तेल उद्योगाशी संबंधित कोक कुटुंबाच्या प्रतिष्ठानचाही निधी होता. २०१२ मध्ये म्युलर यांनी जाहीर केले, की तापमानवाढ खरी आहे आणि ती जवळपास पूर्णपणे माणसामुळे झाली आहे.

भारताविषयीच्या नोंदी काय सांगतात?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तयार झालेला अहवाल केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. ही वाढ मुख्यतः हरितगृह वायूंमुळे आहे आणि हवेतील प्रदूषणकणांनी तिचा काही भाग झाकला आहे. म्हणजे हवा स्वच्छ होईल तशी ही झाकलेली उष्णता पुढे येऊ शकते.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात भर उन्हात बसलेल्या श्रोत्यांपैकी दहाहून अधिक जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. ‘वर्ल्ड वेदर अॅट्रिब्युशन’ या शास्त्रज्ञांच्या गटाने त्या महिन्यात भारत आणि बांगलादेशात आलेल्या दमट उष्णतेच्या लाटेचा अभ्यास केला. हवामान बदलामुळे अशा लाटेची शक्यता किमान ३० पट वाढल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. अर्थात, भर दुपारी, सावलीविना लाखोंची गर्दी जमवण्याचा निर्णय हवामानाने घेतला नव्हता. ‘हवामान बदल’ हे शब्द प्रशासकीय बेपर्वाईवर पांघरूण घालण्यासाठीही वापरले जाऊ शकतात, याचे भान ठेवावे लागेल.

या प्रश्नाच्या उत्तराने फरक काय पडतो?

मोठा फरक पडतो. तापमानवाढ निसर्गचक्राचा भाग असेल तर हाती उरते ते फक्त जुळवून घेणे. उष्णता आराखडे करा, पाणी साठवा, पिके बदला आणि वाट पाहा. कोणाची जबाबदारी नाही आणि कोणाकडे भरपाई मागण्याचा हक्कही नाही. ज्या देशांनी दीडशे वर्षे कोळसा जाळून संपत्ती उभी केली, त्यांना हे उत्तर सोयीचे आहे. भारताचे दरडोई उत्सर्जन आजही जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. त्यामुळे निसर्गचक्राचा युक्तिवाद भारतात उत्साहाने पुढे ढकलणारे नकळत आपल्याच शेतकऱ्याची आणि बांधकाम मजुराची बाजू कमकुवत करतात.

दुसरे असे, की कारण निसर्गात असते तर ही वाढ थांबवणे कोणाच्याच हाती नसते. कारण माणूस आहे, म्हणूनच ती थांबवता येते. कार्बन डायऑक्साइडचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आले, तर या वायूमुळे होणारी तापमानवाढ त्यानंतर जवळपास थांबते, असे आजचे विज्ञान सांगते. आधी झालेली वाढ लगेच मागे जात नाही, पण पुढची टळते. भारताने त्यासाठी २०७० चे उद्दिष्ट ठेवले आहे. ते पुरेसे आहे का, श्रीमंत देशांनी आपला वाटा किती आधी उचलायचा, कोळसा खाणींतील कामगारांचे काय, पैसा कुठून येणार, या प्रश्नांवर खरी मतभिन्नता आहे आणि असायलाही हवी. सार्वजनिक चर्चेचा वेळ आता तिथे खर्च व्हायला हवा.